‘लाइन ओके’ची मीमांसा

टेलिफोनच्या तारेवरून संगणकाला इंटरनेट जोडून देणारी जी पद्धत डायल-अप या नावाने ओळखली जाई, तिच्या बिघाडांवर लिहिणारे बहुतेक तंत्रज्ञ एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती अशी की बिघाड कोठेतरी असतो आणि पद्धतशीर शोध घेतला असता तो सापडतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत २००० नंतरच्या दशकात या विषयाचा जो अनुभव साचला, तो या गृहीतकाला फारसा पोषक नाही. तेथे बिघाड सापडत नसे असे नव्हे. तो नेहमी दुसऱ्याच्या हद्दीत सापडे. संगणक विकणाऱ्याच्या मते तो तारेत असे, तारेची निगा राखणाऱ्या लाइनमनच्या मते संगणकात असे, एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या अधिकाऱ्याच्या मते तो ‘वरून’ असे, आणि वर विचारणा केली असता तो खालीच असल्याचे उत्तर यथावकाश येई. झुडपी जंगल नावाच्या जमिनीशी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेल्या या प्रदेशाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. महसूल खात्याच्या दप्तरात एक आणि वन कायद्याच्या नजरेत दुसरीच असलेली ती जमीन नेमकी काय समजावी, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला मे २०२५ उजाडावा लागला, आणि टेलिफोनच्या तारेसाठी तर एवढ्या वरचे न्यायालयही मोकळे नव्हते.

या वादाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी यंत्रणेची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. टेलिफोनची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बांधलेली असते आणि सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, एवढ्याच पट्ट्यातला ध्वनी ती पलीकडे पोहोचवते. संगणकाजवळ आवाज नसतो, शून्य आणि एक हे दोन अंक असतात. त्या अंकांचे ध्वनीत आणि पलीकडून आलेल्या ध्वनीचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारी जी पेटी मध्ये बसवावी लागते, तिला मोडेम म्हणतात. फोन लागला की दोन्हीकडचे मोडेम प्रथम एकमेकांची परीक्षा घेतात, तार कितपत स्वच्छ आहे याचा अंदाज बांधून वेग ठरवतात, आणि ही बोलाचाली चालू असताना पेटीतून जो किर्रकिर्र, खरखर आणि शिट्टी असा मिश्र नाद ऐकू येतो, त्याला तालुक्याच्या गावी ‘नेट लागून रायलं’ असे म्हणत. १९९८ मध्ये ठरलेल्या व्ही.९० या मानकानुसार हा वेग सेकंदाला ५६ हजार बिटांपर्यंत जाऊ शके, परंतु त्यासाठी एक्स्चेंजपर्यंतची तार आखूड असावी, तारेचे सांधे कोरडे असावेत आणि पलीकडचे टोक डिजिटल असावे, अशा अटी होत्या. पेटीवर ५६ हा आकडा ठळक छापलेला असे. अटी आतल्या पुस्तिकेत असत, आणि पुस्तिका दुकानदाराकडे राहिलेली असे.

भारतात सर्वसामान्य ग्राहकासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले, तेव्हा पहिला मान मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांना मिळाला. गडचिरोली जिल्हा त्या वेळी जवळजवळ तेरा वर्षांचा होता, कारण तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा काढण्यात आला होता. गंमत अशी की जिल्हाधिकारी कार्यालयांना जोडणारे निकनेट हे सरकारी जाळे त्याआधीपासून उपग्रहावरून चालत होते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या उपग्रह कंपनीशी ज्या इरादापत्रावर सही केली त्यातही गडचिरोलीचे नाव आहे. म्हणजे या जिल्ह्याला इंटरनेट आरंभी आकाशातून आले, पुढेही आकाशातूनच यायचे ठरले, आणि मधला जो काळ त्याने जमिनीवरच्या तारेत काढला तेवढाच प्रस्तुत विषय होय. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाल्यावर संचारनेट नावाची सेवा गावोगावच्या टेलिफोनधारकांच्या ओळखीची झाली. पाकिटात नाव आणि पासवर्ड मिळे, १७२२३३ हा क्रमांक मोडेमकडून फिरवून घ्यायचा असे, आणि पुढचे सर्व काही संगणक आपोआप करील, असे सांगितले जाई.

संगणक खरोखरच काही गोष्टी आपोआप करी, आणि त्यांतली प्रमुख गोष्ट म्हणजे त्रुटीचा क्रमांक दाखवणे. ६७६ म्हणजे लाइन व्यस्त, ६७८ म्हणजे पलीकडून कोणी उचलत नाही, ६८० म्हणजे डायल टोन नाही, आणि ६९१ म्हणजे सर्व काही ठीक आहे परंतु ग्राहकाचे नाव किंवा पासवर्ड चूक आहे, असा या क्रमांकांचा अर्थ होता. यांपैकी ६८० ची कथा विशेष उद्बोधक आहे. फोनचा रिसीव्हर उचलला की जो अखंड गुणगुणाट ऐकू येतो तो डायल टोन, आणि तो देशोदेशी निराळा असतो. अमेरिकेत तो ३५० आणि ४४० हर्ट्‌झच्या दोन स्वरांचा बनलेला असतो, तर भारतात ४०० हर्ट्‌झच्या एका स्वराला २५ हर्ट्‌झचे हेलकावे देऊन तो तयार होतो. परदेशी वळणाच्या काही मोडेमना हा देशी गुणगुणाट ओळखू येत नसे. ग्राहकाच्या कानाला टोन स्वच्छ ऐकू येत असताना पडद्यावर ‘डायल टोन नाही’ ही अक्षरे उमटत, आणि ग्राहक लाइनमनला, लाइनमन दुकानदाराला व दुकानदार नागपूरच्या मोठ्या दुकानदाराला खोटे ठरवू लागे. उपाय एका ओळीचा होता: मोडेमच्या आज्ञांमध्ये एक्स३ एवढी अक्षरे भरली, किंवा ‘डायल टोनची वाट पाहा’ या वाक्यापुढची खूण काढली, की मोडेम टोन ऐकू येण्याचा हट्ट सोडून सरळ क्रमांक फिरवी. हा उपाय ज्याला ठाऊक असे त्याला तालुक्यात इंजिनिअर म्हणत, आणि त्याचे शिक्षण कोठवर झाले आहे याची चौकशी त्यानंतर कोणी करीत नसे.

आता दोषनिदानाच्या पद्धतीकडे वळता येईल. भारतीय न्यायशास्त्रात कार्यकारणभाव ठरवण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडगोळी सांगितली आहे. एक गोष्ट असताना दुसरी असते हा अन्वय, आणि पहिली काढून घेतली असता दुसरीही नाहीशी होते हा व्यतिरेक. जगभरातले संगणक दुरुस्त करणारे लोक नेमके हेच करतात, फक्त त्याला न्यायशास्त्र म्हणत नाहीत: मोडेम बदलून पाहायचा, तार बदलून पाहायची, संगणक बदलून पाहायचा, आणि जी वस्तू बदलताच बिघाड गेला ती दोषी धरायची. या पद्धतीत तार्किक उणीव काही नाही. तिच्यासाठी प्रत्येक वस्तूचा दुसरा नग हाताशी लागतो एवढेच, आणि एटापल्ली किंवा भामरागडसारख्या ठिकाणी नेमकी तीच पंचाईत असे. दुसरा मोडेम आलापल्लीच्याही पलीकडे, बहुधा गडचिरोलीला असे, दुसरी टेलिफोन लाइन ठाणेदारांकडे असे, आणि दुसरा संगणक खोक्यातून काढलेला नसे, कारण त्याचे उद्घाटन व्हायचे असे. त्यामुळे प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन्ही प्रमाणे खुंटून केवळ शब्दप्रमाण उरे, म्हणजे जाणत्या माणसाने सांगितलेले खरे मानायचे. जाणता माणूस चंद्रपूरला किंवा नागपूरला असे आणि तो फोनवर सांगायला तयारही असे. मात्र त्याला फोन लावायचा तर मोडेमची तार काढून फोनला जोडावी लागे, आणि तो विचारी, “आता स्क्रीनवर काय दिसते?” त्या क्षणी स्क्रीनवर, तार काढलेली असल्यामुळे, ६८० दिसत असे.

तक्रारीचा अधिकृत क्रमांक १९८ होता, आणि बंद पडलेल्या फोनची तक्रार करायला चालू फोन लागतो हे सत्य त्या काळी प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्रपणे उमगत असे. तक्रार नोंदली गेली की यथावकाश लाइनमन येई. त्याच्या सायकलला शिडी बांधलेली असे, खांद्याच्या पिशवीत पक्कड, चिकटपट्टी आणि दोन चिमटे लावलेला एक आडदांड फोन असे. रस्त्याकडेच्या खांबावर जी पत्र्याची पेटी असते, जिच्यात जमिनीतून आलेल्या केबलच्या जोड्या सुट्या होऊन घराघराकडे जातात, तिला डीपी म्हणतात. विजेच्या डीपीशी तिचा संबंध नसतो, तरी तक्रार करताना दोन्हींची गल्लत होत असे. ही पेटी उघडणे हे जंगलपट्टीत कौशल्याचे काम होते. झाकण एका बाजूने बोटभर सरकवायचे, थांबायचे, आतून गांधीलमाश्यांची हालचाल ऐकू येते का याचा कानोसा घ्यायचा, मग पक्कडीच्या टोकाने झाकण पूर्ण उघडून मान मागे घ्यायची, असा क्रम असे. आत कधी पाल असे, कधी मुंग्यांनी माती भरलेली असे, आणि कधी पितळेच्या स्क्रूवर हिरवा गंज चढलेला असे, जो विजेला अडवतो पण तोडत नाही. लाइनमन आपल्या फोनचे चिमटे योग्य त्या जोडीला लावी, स्वतःच एक्स्चेंजला फोन करी, दोन वाक्ये बोले आणि खाली उतरून ग्राहकाला विचारी, “आवाज येऊन रायला ना भाऊ?” ग्राहक म्हणे, “आवाज तर येते, पण नेट नाही लागून रायलं.” यावर लाइनमनचे उत्तर ठरलेले असे: “मंग लाइन ओके हाय.”

हे विधान टाळाटाळ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल, कारण ते आपल्या जागी काटेकोर खरे होते. दूरसंचार खात्याने जी तार दिली होती ती बोलण्यासाठी दिली होती, आणि बोलता येते की नाही हे कानाने तपासले जाई. माणसाचा कान मोठा सोशिक असतो. तारेत घरघर असली, मधूनच दुसऱ्याचे बोलणे ऐकू आले, वाक्यातला अर्धा शब्द गळाला, तरी सिरोंच्याचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ म्हणत दुप्पट आवाज चढवून अर्थ पलीकडे पोहोचवी. मोडेमला आवाज चढवता येत नाही आणि संदर्भावरून अर्थ लावता येत नाही. घरघर वाढली की तो वेग कमी करतो, पुन्हा परीक्षा घेतो, आणखी कमी करतो आणि शेवटी संबंध तोडतो. टेलिफोनची तार विजेच्या तारेच्या शेजारून मैलोन्‌मैल गेलेली असेल तर विजेच्या ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट आणि त्याच्या पटीतले स्वर तिच्यात उतरतात, आणि रानातून खांब रोवताना दोन्ही खात्यांनी मोकळा असा एकच रस्ता पाहिलेला असल्यामुळे हे शेजार टाळणे कठीण होते. जेथे तार पोहोचलीच नव्हती आणि बिनतारी दुव्यावर फोन चालत, तेथे आवाज दाबून, त्यातला अनावश्यक भाग गाळून पाठवण्याची पद्धत असे. काय अनावश्यक हे माणसाच्या बोलण्यावरून ठरवलेले असल्याने मोडेमचे सगळेच म्हणणे त्यात मोडे. सारांश, एकाच तारेला ‘ओके’ ठरवण्याच्या दोन कसोट्या होत्या, दोघेही आपापल्या कसोटीवर प्रामाणिक होते, आणि दोघांच्या मध्ये ग्राहक महिन्याचे भाडे भरत उभा होता.

एक्स्चेंजची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने ग्रामीण भागासाठी जे छोटे स्वयंचलित एक्स्चेंज बनवले, ते वातानुकूलनावाचून, धुळीत आणि उन्हात चालावे अशा बेताने बनवले होते, आणि चंद्रपूरचा मे महिना, ज्यात पारा ४६ अंशांच्या पुढे जाणे ही बातमीही राहिलेली नाही, तो या यंत्राने सोसला हे मान्य करावेच लागेल. परंतु लहान एक्स्चेंजमधून मोठ्या एक्स्चेंजकडे जाणाऱ्या वाटा, ज्यांना जंक्शन म्हणतात, त्या मोजक्याच असत. गावातले लोक तीन मिनिटे बोलतील या हिशेबाने त्या ठेवलेल्या असत, आणि इंटरनेटवाला एक वाट तासभर अडवून बसे. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की ठेकेदार, फडीवरचे मुनीम आणि ट्रकवाले यांना एकाच वेळी बाहेरगावी बोलायचे असे. तेव्हा संगणकाला ६७६ मिळे आणि ठेकेदारांना, त्यांच्याच समजुतीप्रमाणे, ‘ते कॉम्प्युटरवालं पोरगं’ आडवे येई. दोन्ही पक्षांची तक्रार एकाच एक्स्चेंजमधल्या एकाच खुर्चीकडे जाई, आणि त्या खुर्चीला दोन्ही तक्रारी खऱ्या असल्याचे ठाऊक असूनही यंत्रातले जंक्शन वाढवण्याचा अधिकार नसे.

ऋतूंचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाने व्यापलेला आहे आणि त्यात सागाचे प्रमाण मोठे आहे. उन्हाळ्यात साग उघडा पडला की बांबूच्या टोकाला ॲन्टेना बांधून चालवलेल्या बिनतारी फोनला संदेश अधिक बरा मिळे, पण त्याच दिवसांत भारनियमन सुरू असे, म्हणजे मागणीइतकी वीज नसल्याने ठरावीक तास ती बंद ठेवली जाई. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता त्या काळी २,३४० मेगावॅट होती. त्याच्या चिमण्या रात्री दुरून दिसत, आणि ज्या गावांतून त्या दिसत त्यांतल्या काहींत त्या दिसण्याचे एक कारण गावात दिवे नसणे हेही होते. वीज गेली की संगणक युपीएसवर थोडा वेळ तग धरी, एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर त्याहून बराच अधिक वेळ तग धरी, आणि वीज परत येईपर्यंत दोन्हींपैकी एक तरी संपलेले असे. पावसाळ्यात विजेची मागणी घटे, तेव्हा आकाशातली वीज सुरू होई. तारेवर पडलेल्या किंवा जवळपास पडलेल्या विजेचा लोंढा तारेतून घरात शिरतो आणि त्याला वाटेत भेटणारी पहिली नाजूक वस्तू मोडेम असते. म्हणून पहिला गडगडाट ऐकू येताच मोडेमची पिन भिंतीतल्या खोबणीतून उपसून काढण्याची शिस्त घराघरांत आणि कार्यालयांत पडली होती, आणि ती इतकी अंगवळणी पडली होती की आभाळ निवळल्यावर पिन परत बसवण्याची शिस्त तिच्या तोडीने कधी रुजू शकली नाही. दुसऱ्या दिवशी ६८० दिसे, १९८ ला तक्रार जाई, लाइनमन शिडी घेऊन येई, डीपी तपासली जाई, लाइन ओके निघे, आणि टेबलाखाली वाकून पाहण्याची सूचना बहुधा शिपायाकडून येई.

सरकारी कार्यालयात बिघाडाला आणखी एक मजला चढलेला असे. तेथे फोन थेट खात्याच्या तारेला जोडलेला नसून कार्यालयाच्या अंतर्गत एक्स्चेंजला जोडलेला असे आणि बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी शून्य फिरवावा लागे. मोडेमला हे समजावण्यासाठी क्रमांक ‘०,१७२२३३’ असा लिहायचा असतो. त्यातला स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांबण्याची आज्ञा, आणि व्याकरणातल्या या चिन्हाला शासकीय कामकाजात इतके प्रत्यक्ष महत्त्व त्याआधी किंवा त्यानंतर आलेले नाही. तो राहून गेला तर मोडेम शून्यापाठोपाठ घाईने उरलेले आकडे फिरवी आणि फोन भलत्याच टेबलावर वाजे. शिवाय खर्च वाचवण्यासाठी बाहेरच्या फोनला कुलूप लावण्याची प्रथा होती, कधी लाकडी पेटीचे तर कधी एक्स्चेंजमधल्या सांकेतिक क्रमांकाचे, आणि किल्ली किंवा क्रमांक ज्या मोठ्या बाबूंकडे असे ते दौऱ्यावर असत.

ही सारी यातायात कोणी हौसेखातर करीत नव्हते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजना २ फेब्रुवारी २००६ पासून ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाली त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही होते, आणि मजुरांची जॉबकार्डे, हजेरीपट, मजुरी असा सगळा तपशील संकेतस्थळावर चढवायचा होता. पंचायत समितीचा डेटा एन्ट्री ऑपरेटर दिवसभर माहिती भरी आणि रात्री, लाइन मोकळी असताना, ती पाठवायला बसे. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. एका सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट माहिती मावते. सेकंदाला २८,८०० बिट या वेगाने ती पाठवायची तर, लाइन एकदाही न तुटता, ५४ तास लागतात. भामरागडहून सकाळी निघालेली एसटी त्याच सीडीसह संध्याकाळपर्यंत गडचिरोलीला पोहोचे, म्हणजे माहिती वाहून नेण्याच्या वेगात महामंडळाची लाल गाडी मोडेमपेक्षा कितीतरी पटींनी सरस ठरे. फक्त भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला की तिचाही संपर्क तुटे, आणि ती कोणताही क्रमांक दाखवत नसे. ऑपरेटरांनी हे गणित कागदावर न मांडताच सोडवले होते. ते सीडी चालकाच्या मागच्या आसनावर ओळखीच्या माणसाकडे देत आणि तारेची तक्रार, नोंद असावी म्हणून, चालू ठेवत.

तक्रारींचा शेवट बिलात होई. फोन लागला की मीटर फिरू लागे आणि स्थानिक दराने दर तीन मिनिटांना एक कॉल मोजला जाई. पासवर्ड चुकीचा ठरून ६९१ आला तरी पलीकडच्या मोडेमने फोन उचललेला असल्यामुळे तो कॉल धरला जाई, आणि जोडणी होऊन अर्ध्या मिनिटात तुटली तरी धरला जाई. ज्याचे नेट दोन महिने धड लागले नाही अशा ग्राहकाच्या बिलावर म्हणूनच सर्वाधिक कॉल दिसत, आणि नेट बंद असल्याबद्दलच्या त्याच्या अर्जाला उत्तर देताना हेच बिल जोडणी उत्तम चालू असल्याचा पुरावा म्हणून पुढे केले जाई. त्रासून कोणी बिल भरले नाही तर मुदतीनंतर लाइन कापली जाई आणि पडद्यावर ६८० उमटे. हा मात्र असा ६८० होता की त्याच्या कारणाबद्दल दुकानदार, लाइनमन, एक्स्चेंज आणि वरचे कार्यालय यांच्यात कसलाही मतभेद नसे, आणि पैसे भरल्याची पावती दाखवली की तो बहुधा त्याच दिवशी, शिडी न लावता, दुरुस्त होई.